बिनफोडणीचं पिठलं

प्रिय वल्लू, माझी सोनुली,

आधी आल्या त्या शांताबाई. गाडी बाहेर रस्त्यालाच थांबली आणि ही बाई एकटीच ड्राइव्हवेवरून चालत आली. सुती पातळ, वरून लेकाचं असावं असं ढगळं जाकीट, मोजे घालून त्यावर जांडलच्या रबरी चपला, आणि हातात फडक्यात बांधलेला डबा. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! शेजारची मार्गारेट कुंपणावरून नमस्कारासारखं किया ओरा म्हणते, मी पण किया ओरा म्हणते, तिथं आमचं बोलणं संपतं. दिवसभर मी टीव्हीशी बोलते. आणि आज दारात चक्क पातळ नेसलेली बाई. मला वाटलं, मराठी मंडळात कुणाची तरी आई नवीन आली असेल.

तुझ्या आईनं दार उघडलं, त्यांना बसा म्हटलं आणि सरळ आत जाऊन भांडी घासायला लागली. डिशवॉशर असताना! तिथंच मला कळायला हवं होतं. पण मी कसली थांबते? कुठल्या तुम्ही, म्हटलं. तर म्हणाल्या, दहिवडीजवळच्या. अगं, माझं माहेर म्हसवडचं! मग काय, ज्वारीपासून सुरू झालो ते इथल्या दुधापर्यंत आलो. शांताबाई म्हणाल्या, गाया बघा केवढ्या लठ्ठ, आणि दुधावर साय म्हणून धरत नाही, कसली रीत ही? मी म्हटलं, अहो, सगळी साय तिकडे ते-रापाच्या लोण्याच्या कारखान्यात जाते, आपल्याला नुसतं धुवण. दोघी खदाखदा हसलो. वल्लू, माझं हसू मलाच ऐकू आलं आणि मी दचकले. तुझा बाबा, माझा सागर, गेल्यापासून या घरात असं कुणी हसलं नव्हतं. मी मान वळवून त्याच्या फोटोकडे बघितलं. आतली भांडी पण वाजायची थांबली होती.

मग अर्थातच तुझं कौतुक सुरू केलं. माझी नात तिकडे पोरिरुआकडे शिकायला आहे, ख्रिस्ती युनिव्हर्सिटीत, क्रिमिनल जस्टिस. हे दोन शब्द मी आता न अडखळता म्हणते. नाहीतर पहिल्यांदा देवळात मी सांगितलं होतं, नात क्रिमिनल झाली, आणि मंडळातली ती कौमुदी प्रसादाचा द्रोण हातात धरून तशीच उभी राहिली होती! शांताबाईंना सांगितलं, हिच्या कॉलेजात तास सुरू व्हायच्या आधी प्रार्थना करतात, मग चोर, पोलीस, तुरुंग असलं शिकवतात. मी हिला विचारलं, अगं, पापाचा न्याय त्यांचा येशू करणार की जज्ज? तर म्हणाली, आजी, तोच तर पेपर आहे. तेव्हा आपण किती हसलो होतो, आठवतं? पण ख्रिसमसला आलीस तेव्हा जेवताना तू म्हणालीस की तुझे सर शिकवतात, ज्यानं केलं तो आणि ज्यांचं गेलं ते, दोघांना समोरासमोर बसवावं, बोलू द्यावं. आणि लगेच म्हणालीस, नॉट इन आवर केस. केस म्हणालीस. मला ते घासाबरोबर टोचलं. तुझा बाबा आपल्या घरात कधीपासून केस झाला गं?

शांताबाई हे सगळं ऐकत होत्या आणि हळूहळू गप्प होत गेल्या. मला वाटलं, बोअर झाल्या. तू म्हणतेसच, आजी, तू हीप्स बोलतेस, म्हणजे ढीगभर. म्हणून मी त्यांचा डबा उघडला. पिठलं-भात होता. वर तेलाचा थेंब नाही, मोहरी नाही, कढीपत्ता नाही. पिवळं, फिकं, नुसतं शिजवलेलं. बिनफोडणीचं.

तू इथं वाढलीस, तुला माहीत नसेल. आपल्याकडे ज्या घरात माणूस गेलं त्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारचे पिठलं-भात आणून देतात, आणि त्याला फोडणी देत नाहीत. सागर गेला तेव्हा आपल्याकडे पिझ्झे आले, लझानिया आले, मार्गारेटनं भोपळ्याचं सूप आणलं. प्रेमानं आणलं सगळ्यांनी, मी नाव ठेवत नाही. पण हे कुणी आणलं नव्हतं. आता इतक्या उशिरा ते समोर आलं. मी विचारलं, बाई, तुम्ही कुणाच्या कोण? तर पदर तोंडाला लावून म्हणाल्या, मी मकरंदची आई.

मला माहीत आहे, हे नाव वाचून तू कागद खाली ठेवशील. परत उचल. तू त्याला ऑफेंडर म्हणतेस. आईनं त्याचं नाव कधी घेतलंच नाही. मी कोर्टात त्याला पाठमोरा पाहिला होता, तो माझ्यासाठी नुसती एक मान होती. दोन पाळ्या लागोपाठ करून दुपारचा गाडी चालवत होता, डोळा लागला आणि सायकलवरून येणारा आपला सागर त्याच्या पुढ्यात आला. कैद घरातच भोगली त्यानं, पायात ती पोलिसांची पाळत ठेवणारी पट्टी घालून. आता सुटलाय. शांताबाई पहिल्यांदाच लेकाला भेटायला आल्यात. त्यांनीच तुझ्या आईला फोन केला आणि आई या म्हणाली. का म्हणाली ते ती मला सांगत नाही, आणि मी विचारत नाही.

मी शांताबाईंना म्हटलं, तो बाहेर गाडीत बसलाय का? हो म्हणाल्या. म्हटलं, मग आत बोलवा, म्हसवडच्या लेकीच्या दारात कुणी असं बाहेर बसत नाही. हे बोलले आणि पदर सावरून बसले.

तो आला. बारीक पोरगा आहे गं, गालफडं बसलेली. आला आणि नेमका सागरच्या खुर्चीत बसला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, ओले हात तसेच. संध्याकाळ होत आली होती आणि गॅरेजवरचा तो दिवा लागला. कुणी हललं की आपोआप लागणारा. आई म्हणते मांजर असतं. इलेक्ट्रिशियननं बदलून दिला तरी सागरच्या यायच्या वेळेला लागतोच, आणि मी रोज उठून खिडकीशी जाते. ख्रिसमसला तोच दिवा लागला तेव्हा तू ताट उचलून खोलीत गेलीस. तेव्हाच मला कळलं की तू पण बघतेस. आज मी उठले नाही. मकरंद मात्र खिडकीकडे बघून रडायला लागला.

मग त्यानं सांगितलं. तो गाडीतून उतरून सागरपाशी धावला. सागर शुद्धीवर होता. मकरंदच्या तोंडून अरे देवा निघालं, ते मराठी ऐकून सागरनं त्याच्याकडे बघितलं आणि दोन शब्द बोलला. पोलिसांनी मकरंदला विचारलं, काय म्हणाला? हा घाबरून इंग्रजीत जे सुचलं ते बोलला. कोर्टात तेच वाचलं. आय ॲम कमिंग.

वल्लू, ते वाचलं तेव्हा तू माझ्या शेजारी बसली होतीस. तुझा हात माझ्या हातात होता, तो तू काढून घेतलास. अपघाताच्या त्या दुपारी तू पोहायच्या तलावावरून बाबाला फोन केला होतास, लवकर ये, मला घ्यायला ये म्हणून. तू त्यानंतर कुणालाच कधी घ्यायला ये म्हणाली नाहीस. पावसात भिजत येतेस. एवढं लांबचं कॉलेज का घेतलंस तेही मला कळतं. तुला वाटतं, तो रस्त्यावर पडल्या पडल्या तुलाच उत्तर देत होता, आणि अजून तुझ्याकडे येतोच आहे.

सागर म्हणाला होता, आई, येतो.

सोन्या, ते कमिंग नाही. आपल्यात निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. रोज सकाळी सायकलवर बसताना तो मला हेच म्हणायचा. तू बोलावलंस म्हणून तो लवकर निघाला, हे खरं आहे. ते मी खोटं म्हणणार नाही, तुला फसवून तुझं बरं व्हायचं नाही. लेक बापाला बोलावणारच. पण तो तुझ्याकडे यायचा राहिलेला नाही. तो माझा निरोप घेत होता. आईनं दारात उभं राहून हे ऐकलं आणि खालीच बसली.

म्हणून हे लिहिते आहे. फोनवर तू केस म्हणून ठेवून देशील. सावकाश वाच, जोडाक्षर अडलं तर मोठ्यानं वाच. येतो म्हणणाऱ्याला ये म्हणायचं असतं, तेव्हा तो जायला मोकळा होतो. सागरला ते कुणी म्हटलंच नाही. मी दिव्याकडे बघत वाट पाहत बसले, आणि तू तिकडे लांब राहून. आज म्हणावंसं वाटलं, ओठांवर आलं होतं, पण तुझ्याशिवाय म्हणवेना. तू ये. मकरंदच्या तोंडून एकदा ऐक, हवं तर त्याला शिव्या दे, तुझ्या सरांचं म्हणणं मान किंवा मानू नकोस. मग आपण तिघी दारात उभ्या राहून त्याला ये म्हणू. शांताबाई जाताना रीतीप्रमाणे काहीच बोलल्या नाहीत, दुखवट्याच्या घरातून निघताना बोलत नाहीत. पण गाडीपर्यंत गेल्या आणि माघारी वळून तुझ्या आईला विचारलं, नात कधी असते घरी? आईनं माझ्याकडे बघितलं. मीच बोलले. येत्या रविवारी या म्हटलं, आणि दोघं मायलेक रविवारी येतो म्हणून गेलेत.

तुझीच वाट बघणारी,
आजी