मानेवरचं तेल

रिंकूचे बाबा,

ट्रॅक्टरची चावी ढुंढू नका, ती मी ब्रह्मपुरीले घेऊन चालली. भात झाकून आहे.

परवा बोडीच्या खोदकामावर शिदोरी घेऊन आली, तं तुमी न् मामाजी, दोघं बापलेक, ट्रॅक्टरले लावलेल्या खोदाई मशीनची बकेट वर टांगून तिच्या सावलीत बसून होते. घरी बोलली, तं तुमी म्हणाले, झाड नाई तिथी, एकच दिवस बसलो. आज धुणं काढलं. तुमच्या सगळ्या शर्टांच्या मानेवर मशीनचं तेल आहे. काम करतांनी तेल हाताले लागते, मानेवर वरूनच पडते. म्हणजे रोजच बसता, न् बकेट ज्या तेलाच्या पाइपाच्या जोरावर वर राह्यते तोच गळून राह्यला. तो फुटला तं बकेट कोणाच्या डोक्यावर येते, हे मी तुमाले सांगू काय?

नवा पाइप घेऊनच येईन. मंग जेवाले उतरण्याआधी बकेट भुईवर टेकवत जा. सावलीसाठी छत्री न्या.

मामाजीच्या सदऱ्यावरही तेच डाग आहेत. त्यायले विचारलं, तिथी काऊन बसता, तं म्हणाले, 'मशीन पोराची आहे. तो बसते तं मले कायचं भेव?'

दुर्गा