चोथ्यातल्या हिरव्या साली

४ ऑक्टोबर, शनिवार

लाल सहा क्रेट, हिरवी एक, बारकी तुरट अर्धा. तिसऱ्याच प्याल्यात बसला! आजचा रस झकास होणार.

मी ‘बसला’ म्हटल्याशिवाय क्रशर सुरू करायचा नाही, हा आमच्या वडिलांपासूनचा, अण्णांपासूनचा नियम. सकाळी सहाला, रिकाम्या पोटी, चहासुद्धा घ्यायचा नाही. प्रत्येक ढिगातली चार-चार सफरचंदं छोट्या हातप्रेसवर पिळायची, स्टीलच्या प्याल्यात मिसळायची, चाखायचं, थुंकायचं, पुन्हा मिसळायचं. लाल गोडी देतं, हिरवं आंबटपणा, आणि बारकं तुरट ती चव जिभेवर जरा धरून ठेवतं. तिघांचं जमलं की मेळ बसला. अण्णांना ‘मेळ’ म्हणायलाही सवड नसायची — नुसतं ‘बसला!’ आणि निघाले.

ते गेल्यापासून अकरा हंगाम हा शब्द माझा आहे. धाकटा भाऊ मालक म्हणून मिरवतो, भावजय गिऱ्हाईकं सांभाळते, मशीनवाले काका प्रेस चालवतात. पण शब्द माझा.

सर्दी मात्र पिच्छा सोडत नाही. दोन वर्षांपूर्वी तीन आठवडे ताप आला होता, तेव्हापासून नाक हे असंच.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज भावजय दोन खोल्या ओलांडून धावत आली आणि गॅस बंद केला. दूध करपत होतं म्हणे. मी तिथेच ओट्याशी नवीन लेबलं चाळत उभी. “ताई, वास नाही आला?” असं विचारून माझ्याकडे बघतच राहिली, जशी काही मी चोरीच केली आहे. माणूस कामाच्या नादात असतं, एवढं कळू नये?

७ ऑक्टोबर, मंगळवार

रागाच्या भरात लिहिते आहे. अक्षर बघा कसं येतंय.

गोठेवाला रोज दुपारच्या आत गाडी आणून गुरांसाठी चोथा घेऊन जातो, म्हणून मागच्या अंगणात मी कधी फिरकत नाही. शब्द दिला की मी थेट बाटल्यांच्या खोलीत. रस तापवायचा, गरम गरमच भरायचा, झाकण लावून बाटली आडवी करायची. दार बंद, प्रेसकडचं काही कळत नाही. आज गोठेवाल्याची गाडी बिघडली होती. मी फुटकी बाटली टाकायला मागे गेले, तर चोथ्याचा हा एवढा ढीग!

अण्णांच्या वेळी गाडी संध्याकाळी यायची. शेवटच्या तीन-चार वर्षांत ते रोज त्या ढिगाशी उकिडवे बसायचे, काठीने उकरत. काय शोधायचे कोण जाणे. विचारलं तर हसायचे. मला तेच आठवलं म्हणून मीही एक काठी घेतली.

कापडात गुंडाळलेला लगदा पिळून झाला, कापड उलगडलं की चोथ्याची कोरडी वडी पडते. आतला गर काळवंडतो, पण साल आपला रंग सोडत नाही. आज मी हिरव्यांचा एकच क्रेट सांगितला होता. वडी फोडली — हिरव्या साली. दुसरी फोडली — हिरव्याच. तीन क्रेट तरी नक्की!

म्हणजे माझा शब्द घ्यायचा, मला बाटल्यांच्या खोलीत धाडायचं, आणि माझ्या माघारी दुसराच रस पिळायचा.

हे धाकट्याचंच काम. हिरवी नुसती कोणी खात नाही, म्हणून स्वस्त पडतात. ज्याला मी बोट धरून चालायला शिकवलं त्यानेच केसाने गळा कापला!

८ ऑक्टोबर, बुधवार

मुद्दाम सांगितलं — आज हिरवं एकही नको. धाकटा म्हणाला, “बरं, ताई.”

गाडी यायच्या आत मागे जाऊन आले. हिरव्या साली.

बरं, ताई!

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज प्रेसपाशीच सगळ्यांना धरलं. मूठभर चोथा धाकट्यापुढे धरला आणि विचारलं, हे काय आहे? तो बुटांकडे बघत राहिला. काकांनी मशीन बंद केलं आणि धुतलेल्या कापडांच्या पुन्हा घड्या घालायला घेतल्या. मी धाकट्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. अण्णांचं नाव घेऊन बोलले.

शेवटी भावजयच पुढे आली. “ह्यांना बोलू नका, ताई. हिरवी मी टाकते.”

मग सांगितलं सगळं. तापानंतर माझा मेळ गोडमिट्ट व्हायला लागला म्हणे. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी माल परत पाठवला होता. मला कळू दिलं नाही. तेव्हापासून मी बाटल्यांकडे वळले की ही पुन्हा चाखते, आणि हिरवी वाढवते. मी म्हटलं, खोटं आहे. माझी जीभ मला माहीत आहे. कर सिद्ध!

तिला करायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. मीच हट्टाला पेटले. तिने आत जाऊन तीन प्याले भरून आणले. पहिला आंबट. दुसरा पाणचट. तिसरा मी तोंडात घोळवला, डोळे मिटले आणि म्हटलं, “बसला.”



“ताई,” भावजय म्हणाली, “तो नासपतीचा आहे.”

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी सहाला खाली गेले नाही. निरोपही दिला नाही. गॅसपाशी उभी राहून लसूण हुंगला. मग रॉकेलची बाटली. मग माझीच उशी. काही नाही. कशालाच वास नाही.

दोन वर्षं! दोन वर्षं रोज हे तिघं माझ्याभोवती उभे राहायचे. मी डोळे मिटून चाखायची, थुंकायची, मोठ्या दिमाखात ‘बसला’ म्हणायची आणि हे माना डोलवायचे. लहान मुलाला खुळखुळा द्यावा तसा तो शब्द माझ्या हातात ठेवला होता. माझ्या नाकावर टिच्चून हे चाललं, आणि नाकालाच पत्ता नाही. हसू आलं लिहिताना. मग रडू आलं.

नाक गेलं ते गेलं. माझं हसं का केलंत? धाकट्यापेक्षा काकांचं जास्त लागलं. त्यांनी तरी सांगायचं होतं.

मोठ्या बहिणीला फोन केला. येते म्हटलं, सोमवारी. किती दिवस, विचारलं तिने. मी म्हटलं, कायमची.

११ ऑक्टोबर, शनिवार

सव्वासहा झाले तरी क्रशरचा आवाज नाही. साडेसात झाले. ऐन हंगामात!

आठला धाकटा दाराशी आला. “काका मशीन लावत नाहीत, ताई. म्हणतात, शब्द आल्याशिवाय नाही. कालही मीच लावलं.”

मी म्हटलं, माझा शब्द कचऱ्यात टाका, तुम्हाला सवय आहे. दार लावून घेतलं. नऊला सुरू झालं मशीन. आवाजावरून कळलं, धाकट्यानेच लावलं असणार. त्याला लिव्हर हळू सोडायची अक्कल अजून नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

दुपारी भावजय चहा घेऊन आली. पलंगाच्या कडेला बसली. कप माझ्यापुढे सरकवला. गरम आहे एवढं कळलं मला, बाकी चहा काय आणि पाणी काय.

मी म्हटलं, तोंडावर सांगायचं होतंस. मी काय तुला खाल्लं असतं?

तिने चादरीची सुरकुती सारखी केली. मग म्हणाली, “तुम्ही सांगितलं होतंत अण्णांना?”

मला आधी कळेचना. मग कळलं.

ती लग्न होऊन आली त्या वर्षी आम्ही दोघी हौदावर प्रेसची कापडं धूत होतो. अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मीच हसत हसत सांगितलं होतं तिला — शेवटचे चार हंगाम अण्णांची जीभ तंबाखूने पार गेली होती. ते ‘बसला’ म्हणायचे, पाठ फिरवायचे, आणि मी हळूच दोन क्रेट हिरवी जास्त टाकायची. शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही, असं वर छाती फुगवून सांगितलं होतं. काय हसलो होतो आम्ही!

“मी तुमच्याकडूनच शिकले, ताई,” म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

ती गेल्यावर लिहायला घेतलं की मी केलं ते मायेने केलं आणि हिने केला तो दगा. लिहिलं आणि खोडलं. तरी राग गेलेला नाही. उद्या अकराची बस आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

बॅग दाराशी ठेवून मागच्या अंगणात गेले. चोथ्याच्या ढिगाशी उकिडवी बसले, काठीने उकरलं. काळा लगदा, आणि त्यात स्वच्छ हिरव्या साली. लांबूनही दिसतात.

अण्णांची जीभ गेली होती. डोळे शाबूत होते.

रोज संध्याकाळी इथे बसून त्यांनी हे पाहिलं. आणि रोज सकाळी सहाला प्याला खाली ठेवून, माझ्याकडे बघून म्हणाले, “बसला.”