बारवेचं फाटक

८ मे १९४४
निजामाच्या राज्यात न्याय उरला नाही, याचा पुरावा आज माझ्या डोक्यावर होता. बैलगाडीच्या हादऱ्यांत माझ्या नव्या टोपीची भाकरी झाली. तक्रार केली तर गाडीवान आयुब म्हणतो, डोस्कं शाबूत हाय न्हवं? बाकी मजा आहे. ईट गावाच्या पुढच्या या खेड्यात मी आरोग्यखात्याचा इन्स्पेक्टर. कामगिरी एकच : शाळकरी पोरांना नारूपासून सोडवणं. बिऱ्हाड मल्लम्माच्या ओसरीवर. विधवा बाई, आठ वर्षांची मुलगी गंगम्मा. आल्या आल्या पोरीनं बारवेचं गार पाणी तांब्याभर दिलं. घटाघटा प्यायलो. घशाला कोरड पडली की पाणी गाळून प्यायची विद्या आठवत नाही.

१० मे
शाळा पाहिली. पोरं पाढे म्हणतात आणि त्यांच्या पायांतून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकावत असतो. तो काडीला गुंडाळून ठेवायचा, रोज बोटभर ओढायचा. एक पोरगं मला म्हणालं, सायेब, माजा नारू ह्या वीरभद्राच्या नारूपेक्षा लांब हाय! बक्षीस मागत होतं.

आग सोसवेना झाली की इथली माणसं बारवेत उतरून पायरीवर पाण्यात उभी राहतात. पाय निवतो आणि नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो. घागरी त्याच पाण्यात बुडतात. म्हणजे गाव आपले किडे आपणच पितं, आणि वर्षभरानं पुन्हा त्याच पायरीवर येऊन उभं राहतं. एवढा चिवट नेम इथं देवाचाही नाही.

३० मे
पायऱ्यांना लोखंडी फाटक बसवलं, किल्ली माझ्या कमरेला. पाणी आता वरून रहाटानं ओढायचं. गुंडाप्पा गुरुजी म्हणाले, साहेब, गावाचा उतारा बंद केलात. मी म्हणालो, उतारा नव्हे, रोगच बंद केला. स्वतःवर खूष होऊन झोपलो.

१४ जून
गंगम्माच्या घोट्यातून नारू निघाला. पोर आईला अव्वा, अव्वा अशा हाका मारत किंचाळते. मल्लम्मा म्हणाली, लई जळतंय वो लेकराला, घटकाभर पाण्यात हुभी ऱ्हाऊ द्या, पाया पडते. मी तिला नियम समजावून सांगितला. छान समजावला.

१५ जून
सकाळी पोर घरात नव्हती. फाटकावरून चढली होती. शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. दुपारी पाण्यावर आली.

मल्लम्मा रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, सायेब, बादलीत पाय बुडवला असता तर न्हाय चाललं असतं का?

चाललं असतं. मला सुचलंच नाही. मी टोपी घातली आणि बाहेर गेलो.

२ मे १९४५
यंदा शाळेत नारू तुरळक. खात्यानं पाठ थोपटली. उजव्या घोट्यावर एक फोड आला आहे. ढेकूण असावा.

५ मे
ढेकूण नव्हे. फोड फुटला. पांढरं टोक— हलतं. डाव्या तळव्यातही दुसरा. पायात मिरच्या कोंबल्यासारखी आग.

७ मे
मल्लम्माकडे पाण्याची बादली मागितली. बादली न्हाय सायेब, म्हणाली. गुरुजींची गळते म्हणे. आयुबच्या बादलीत बैल पितात, ती कशी देणार? सारी माणसं अदबीनं बोलतात. मला उभंही राहवत नाही, रहाट ओढू कसा—

८ मे
सरपटत आलो. मल्लम्मा फाटकाशीच उभी होती. कुलूप काढलं, किल्ली तिच्या हातावर ठेवली. ती बाजूला झाली.

पाय पाण्यात. गार— देवा, किती गार! वही मांडीवर आहे. घोट्याभोवती पाणी दुधाळ होतंय. काय सुटतंय ते ठाऊक आहे. पाय काढवत नाही.

शाळा सुटली. फाटक उघडं बघून पोरं घागरी घेऊन धावत खाली— हसताहेत— वीरभद्र पुढे—

ओरडायला हवं. ओरडतो. एवढी आग जरा निवली की—

पहिली घागर बुडाली.

पोरांनो, थांबा रे, आत्ता सांगतो, आत्ता, फक्त अजून जरा—