परक्या हाताच्या दोन ओळी

प्रिय चिंगे,

घर गेलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचता वाचता मध्येच तू छातीला हात लावून बसणार नाहीस. पडलं नाही, जळलं नाही, विकलं गेलं. आणि जाताना इतकं लख्ख होऊन गेलं, की समोरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचं घर एवढं छान कधी दिसलंच नव्हतं. मी सध्या मुलाच्या फ्लॅटमध्ये आहे, इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या खाटेवर. खिडकी आहे, पण ती समोरच्यांच्या स्वयंपाकघरावर उघडते. त्या घरात रोज काही ना काही करपतं आणि रोज त्यावरून भांडण होतं. करमणुकीचा तेवढा खर्च वाचतो.

तुला कुणी विचारलं तर सांग, ताईने उन्हाळाभर चैन केली. जग तेच म्हणणार. जो मुलगा महिन्यातून एकदा यायचा आणि चहाचा कप संपेपर्यंत घड्याळाकडे बघत बसायचा, त्याची गाडी दर रविवारी दाराशी उभी राहायला लागली. तळं झालं, संग्रहालय झालं, टेकडीवरची बाग झाली. प्राण्यांच्या बागेत वाघ आणि मी एकमेकांकडे बघून जांभया दिल्या. सूनबाई थर्मास, छत्री, माझी औषधं असा सरंजाम घेऊन मागे. मी तिला म्हटलंसुद्धा, मला सारखं बाहेर काढायला मी काय गादी आहे, उन्हात टाकायला? ती हसली. ती चांगलं हसते, कामापुरतं.

आणि आठवडाभर घरात कामगार. हे होते तेव्हापासून गळणारा मोरीचा नळ एका दुपारीत बंद झाला. दाराची बिजागरी, भिंतीची ओल, जिन्याचा हलणारा कठडा, सगळ्याला एकदम मुहूर्त लागला. स्वयंपाकघराला मला फिकट हिरवा रंग हवा होता. मुलगा म्हणाला, पांढराच दे आई, पांढरा सगळ्यांना चालतो. आता ह्यातले 'सगळे' कोण, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं की नाही? स्वयंपाकघरात मी एकटी. पण सुचलं नाही. उभी हयात मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन म्हणून घालवली मी. कोण मावशीकडे गेली आणि कोण सिनेमाला, हे चपलांच्या धुळीवरून ओळखायचे. पण पोटच्या पोराच्या चपला कोण तपासतं, चिंगे? मला आपलं वाटलं, वय झालं त्याचंही. आई आठवायला लागली.

म्हणून तर त्याच्यासाठी स्वेटर घेतला विणायला. राखाडी, गोल गळ्याचा. भर उन्हाळ्यात मांडीवर लोकर घेऊन बसले, घामाने सुई बोटांतून सटकायची. माझी वीण तुला ठाऊक आहे. मिशनच्या शाळेत मदर पट्टी लावून टाके मोजायच्या तेव्हा तू म्हणायचीस, ताईच्या स्वेटरातून पाणीसुद्धा गळणार नाही. मदरची ती शिस्त अजून हाताला आहे: ओळ अर्धी सोडायची नाही, उलट ओळ पुरी करून, सुलट बाजू समोर आली की मगच सुया गुंड्यात खोचून उठायचं. रविवारी निघताना विणकाम खुर्चीवर तसं ठेवून जायचे.

एका रविवारी तळ्यावरून परत आले, पाय धुतले आणि विणायला बसले. हात अडला. मी सोडलं होतं त्याच्यापुढे दोन ओळी जास्त होत्या. स्वच्छ, सरळ, पण सैल. आधी वाटलं, झालं, डोकं गेलं आपलं. मग बोटाने चाचपून पाहिलं. तो माझा हात नव्हता. सूनबाईला विणायची सुई आणि क्रोशाचा आकडा यांतला फरक कळत नाही. म्हणजे माझ्या बंद घरात, माझ्या खुर्चीवर, कुणी बाई बसली होती. आणि विणणारी होती. एकच ओळ विणली असती तर काम उलट बाजूवर राहिलं असतं, म्हणून तिने दुसरी विणून मी ठेवलं होतं तसंच, सुलट बाजू समोर करून ठेवलं होतं. चोर असं करत नाही. ज्याला बसून वाट बघायला लावलंय, तो करतो.

मग नळ, रंग, कठडा, तळं, वाघ, सगळं एका धाग्यात आलं. मी बाहेर असायला हवी म्हणून सहली. घर दाखवण्याजोगं हवं म्हणून दुरुस्त्या.

पुढच्या रविवारी मी म्हटलं, पाय मुरगळलाय, येत नाही. मुलाचा चेहरा उतरला. गाडीतच तर बसायचंय, म्हणाला. मी म्हटलं, मग खुर्चीतच बसते की. तो गॅलरीत जाऊन दबक्या आवाजात फोन करत होता, तेवढ्यात घंटी वाजली. दलाल, एक गृहस्थ आणि त्यांची बायको. ती बाई चाळिशीची असेल. तिची नजर आधी माझ्या मांडीवर गेली, मग माझ्याकडे. जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुमचंच का हो हे? मागच्या वेळी राहवलंच नाही मला. उसवून टाका हवं तर." आणि मग, "तुम्ही स्वतःहूनच जाताय ना मुलाकडे? आम्हाला तसं सांगितलंय."

मुलगा नव्या रंगवलेल्या चौकटीवरून बोट फिरवत उभा होता. लहानपणी काच फोडली की असाच भिंतीशी उभा राहायचा.

माझी जीभ तुला माहीत आहे. ह्या जिभेने मी ट्रस्टींना गप्प केलंय, मोठमोठ्या बापांना फाटकाबाहेर काढलंय. मी म्हटलं, "हो. मीच म्हटलं त्याला, आता झेपत नाही." परक्या माणसांसमोर पोटच्या पोराला खोटं पाडायला जीभ वळलीच नाही. घर तसंही त्याच्याच नावावर. हे गेल्यावर मीच करून दिलं होतं, आपलाच मुलगा म्हणून.

ते गेल्यावर एवढंच विचारलं, मला विचारलं का नाहीस? म्हणाला, "तू नाही म्हणाली असतीस, आई." अगदी मायेने म्हणाला. तू एकटी, तो जिना, रात्री फोन वाजला की आम्हाला धडकी भरते. सगळं खरं आहे. वाद घालायला एक जागा ठेवली नाही त्याने. चिडायचं तरी कुणावर? चिडते मी, दिवसभर चिडते, पण चीड भिंतीवर आपटून माझ्याच पायाशी पडते. स्वेटर पुरा केला. त्या दोन ओळी उसवल्या नाहीत. त्याने घालून पाहिला, आरशात वळून वळून पाहिलं, छान झालाय म्हणाला. त्याला काही दिसलं नाही.

आता हे सगळं फोनवर न सांगता लिहीत का बसले, ते. परवा तू फोनवर किती खुशीत होतीस. न्हाणीघराला नव्या फरशा लागल्या, छत गळायचं थांबलं, लेक दर सुटीला कुठे ना कुठे नेतो, परत आलं की घर कसं आवरलेलं असतं. मी हूं हूं केलं. तुझा फोन सून धरते आणि आवाज खोलीभर असतो, काय बोलणार? म्हणून पार्सलमधल्या लोकरी मोज्यांत हे खुपसून पाठवते; ह्या उकाड्यात मोजे तुझ्याशिवाय कुणी उलगडणार नाही. तुझं घर अजून तुझ्या नावावर आहे. सही करू नकोस. पुढच्या सुटीला डोकं दुखतं म्हण, ऊन लागलं म्हण, पण घरात बसून राहा आणि दार स्वतः उघड. कदाचित माझाच संशय असेल. भाचा चांगला आहे. माझाही मुलगा चांगलाच आहे. आणि खरं सांगू? तुला मी ओळखते. तू दोनदा वाचशील, रडशील, आणि संध्याकाळी तो कामावरून आला की त्यालाच नेऊन दाखवशील, बघ रे, ताई काहीबाही लिहिते. तो हसेल, तुझ्या खांद्यावर हात ठेवेल, आणि म्हणेल तिथे तू सही करशील. मीही केली असती.

तुझीच,
उशिरा जागी झालेली
ताई