कॅप्सूल उकळून देण्याची माझी पद्धत

सोमवार, ता. ३. सकाळी ९.
आलं: कॅप्सूलची बाटली, साडेचारशे. पोटाचा पट्टा, दोनशे दहा. बिस्किटं, शेजारणीकडून, फुकट.
ह्यांना काल घरी आणलं. आतड्याचा वीतभर तुकडा काढलाय. दवाखान्यात एकदाच वारा सरला, त्या भरवशावर सोडलं. डॉक्टर म्हणाले, पोट फुगलं तर परत आणा, कदाचित पुन्हा उघडावं लागेल. जसा काही डबाच!
औषधवाला म्हणाला, कॅप्सूलमध्ये जिवंत जंतू आहेत, आतड्याला चांगले. मी मॅट्रिक आहे. जंतू आणि चांगले? कॅप्सूल फोडून पूड पाण्यात दहा मिनिटं उकळली, गाळली, दिली. आता काळजी नाही.

मंगळवार, ता. ४.
वारा नाही.
संकल्प: चिडायचं नाही. रोज एकशे आठ वेळा नाम.
ह्यांनी विचारलं, पाणी असं कसं लागतं. म्हटलं, औषध आहे, सरबत नव्हे. मग बोलणं वाढलं. संकल्प उद्यापासून.

बुधवार, ता. ५.
अठ्ठावीस वर्षं पाहुण्यांदेखत ह्याच आवाजावरून ह्यांना टाकून बोलले. आज दाराला कान लावून बसलेय. चार वाजता आवाज आला, हात जोडले. खुर्ची सरकली होती.

गुरुवार, ता. ६.
पोट ढोलासारखं. नणंदबाईंनी फोनवर विचारलं, वहिनी, बाटलीवरचं वाचलंस का? अक्षरं मुंगीएवढी, आणि माझ्या चष्म्याची काडी मोडलेली. पद्धत बरोबरच आहे, कमी पडत असेल. आजपासून वीस मिनिटं.

शुक्रवार, ता. ७.
पहाटे हिरवी उलटी. पुन्हा दवाखाना. नाकातून नळी. हे हात धरून म्हणाले, पुन्हा फाडू देऊ नकोस गं. देवा, माझं काय हवं ते घे, ह्यांना एक झुळूक दे.
सिस्टरने विचारलं, औषध कसं देत होता? सगळं सांगितलं, तोऱ्यातच. ती म्हणाली, काकू, उकळल्यावर जिवंत काय उरणार? चार दिवस नुसतं पाणी पाजलंत.
म्हटलं, स्वच्छ तर होतं.
डॉक्टर म्हणाले, त्यानेच बिघडलं असं नाही. हे वाक्य दोनदा लिहून ठेवलं. त्यानेच बिघडलं असं नाही.

रविवार, ता. ९. सकाळी ६.२०.
सरला! अख्ख्या वॉर्डने ऐकला. सिस्टरने टाळ्या वाजवल्या. मी रडले.
ह्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. खाटेवरूनच जाहीर केलं, हिच्या हाताला गुण आहे, औषध उकळून, गाळून द्यायची. शेजारच्या खाटेवर एक मास्तर, त्यांचंही आतड्याचंच, कॅप्सूलही ह्याच. त्यांची बायको कागद-पेन घेऊन आली. ताई, किती मिनिटं?
तेव्हाच सांगायला हवं होतं. पण हे इतक्या कौतुकाने बघत होते.
दहा, म्हटलं.
दुपारी मास्तरांना घरी सोडलं, ती त्यांना घेऊन गावी गेली.

सोमवार, ता. १०.
दवाखान्याच्या वहीतला त्यांचा नंबर लागत नाही. पत्ता मिळाला. पत्र टाकलं, त्याची ही नक्कल:
ताई, औषध उकळू नका. माझ्या हाताला काही गुण नाही. उकळलेल्या औषधाने ह्यांचं पोट हललं नाही, शेवटी नळी घालावी लागली. मला ठाऊक होतं, तरी तुम्हाला दहा मिनिटं सांगितली. साध्या गार पाण्यातून द्या. पोट फुगलं तर वाट बघू नका, तसेच घेऊन या. मला काय वाटेल ते बोला. पण मास्तरांना वारा सरला की नाही, तेवढं उलट टपाली कळवा.