लेलंड प्रुइटला परत बोलावल्याबद्दल

मी, एव्हरेट जॉन लस्क, वय अठ्ठ्याहत्तर, टॉलिव्हर कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा एकतीस वर्षे मुख्य कोच, राहणार मिलर्स फोर्ड, इंडियाना, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, दोन कप काळी कॉफी पिऊन, पूर्ण शुद्धीत सांगून लिहवून घेत आहे. गुडघे गेले आहेत, हृदयाची एक झडप पुढच्या महिन्यात बदलायची आहे. पण डोके शाबूत आहे, याची ग्वाही माझी पत्नी डोरीन सोडून गावात कोणीही देईल. याआधीची सगळी मृत्युपत्रे रद्द समजावीत. खरे सांगायचे तर बाकीच्या वाटण्या डोरीनने जेवता जेवता निकालात काढल्या असत्या. हा सगळा खटाटोप कलम चारसाठी आहे.

कलम एक. एल्म स्ट्रीटवरचे घर, आतल्या सामानासकट, डोरीनचे. ते तसेही तिचेच होते. नोव्हेंबर ते मार्च मी तिथे फक्त कपडे बदलायला येत असे. गॅरेजच्या दारावरची बास्केटबॉलची रिंग काढू नये, अशी अट मी घालणार होतो. ती म्हणाली, "काढणार. आणि तिथे फुलांची कुंडी टांगणार. बेचाळीस वर्षं ती धडधड ऐकलीय मी." अट मागे घेतली आहे.

कलम दोन. बँकेतली शिल्लक मुलगी कार्ला हिला. तिचे तीन वाढदिवस संघाच्या बसमध्ये झाले, केकचा डबा माझ्या मांडीवर. चर्चमध्ये लग्नाच्या दिवशी तिचा हात धरून चालताना मी तिच्या कानात म्हणालो होतो, "घाई नको, चेंडू सांभाळ." ती अजून तक्रार करते, "बाबा, तू एकदा तरी माझ्याशी बापासारखं बोलला असतास!" पोरी, मला दुसरी भाषा येत नव्हती. प्रेम होते ते एवढेच, आणि भरपूर होते.

कलम तीन. डावांच्या एक्केचाळीस वह्या मायलो गार्व्हर याला. तो बावीस वर्षे माझा सहायक होता. त्यातले निम्मे डाव त्याने त्याच्या स्वयंपाकघरात मिठाच्या आणि मिरीच्या बाटल्या सरकवून शोधले, आणि पत्रकारांपुढे मी ते माझे म्हणून सांगितले. आयत्या बिळावर नागोबा झालो, हे इथे कबूल करतो.

याच कलमात, आम्ही सामने खेळायचो त्या जिमच्या डाव्या कोपऱ्यात छप्पर गळे तिथे ठेवलेली पत्र्याची बादली कॉलेजच्या अध्यक्षांच्या कार्यालयाला. त्या कार्यालयाला दोनदा नवा गालिचा मिळाला, आमच्या छपराला डांबर मिळाले नाही. मात्र पाहुणे संघ त्या कोपऱ्यात जायला बिचकत आणि त्यापायी आम्ही वर्षाकाठी दोन सामने तरी जिंकत असू. तेव्हा ही भेट निव्वळ रागाची समजू नये.

कलम चार. तळ्याकाठची लाकडी झोपडी, धक्का आणि होडी लेलंड प्रुइट याला.

लेलंड हा १९८४च्या संघातला मुलगा. चार वर्षे रोज सरावाला सगळ्यांच्या आधी यायचा आणि सामन्यात बाकावर बसायचा. उंची बेताची, पाय जड, मन लोण्याचे. आमच्याकडे रिवाज आहे: मोसमातल्या घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला शेवटच्या वर्षाची मुले सुरुवात करतात. खेळ कसाही असो, एक दिवस त्यांचा. आई-वडील मैदानावर येतात, आईच्या कोटाला फूल लावतात. प्रुइट मंडळी त्या दिवशी दूध काढण्याचे काम शेजाऱ्यावर टाकून आजीसकट आली होती. मी लेलंडचे नाव सुरुवातीच्या पाचांत पंचांच्या वहीत लिहून दिले होते.

त्याच सामन्यावर लीगचे विजेतेपद होते. पाय मुरगळल्यामुळे खेळणार नाही असे ज्याच्याबद्दल कळले होते, तो ब्रूस्टर कॉलेजचा सहा फूट दहा इंची गडी ऐन वेळी अंगात जर्सी घालून उभा राहिला. माझे अवसान गळाले. तोवर कर्ण्यावरून लेलंडचे नाव पुकारले गेले होते. तो पळत मैदानाच्या मध्यापर्यंत गेला होता. त्याची आजी उभी राहून टाळ्या वाजवत होती.

मी त्याला परत बोलावले.

वहीत दिलेले पाच त्यानंतर बदलले तर समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो, म्हणजे जवळजवळ हमखास दोन गुण, मिळतात. मला हे ठाऊक होते. पंचाने दोनदा विचारले, "कोच, नक्की?" मी म्हणालो, "नक्की." म्हणजे लेलंडला बाहेर ठेवायला मी दोन गुण मोजले, तेही त्याच्या आईसमोर. तो आला, टॉवेल गळ्यात टाकला, बसला. पूर्ण सामना बसला. आम्ही तीन गुणांनी जिंकलो. मग विजेत्यांच्या रिवाजाप्रमाणे शिडी लावून एकेकाने रिंगच्या जाळीचा एकेक धागा कापला आणि शेवटचा मी. शिडी लेलंडने धरून ठेवली होती.

त्या जाळीचे पुढे काय झाले ते मला आठवत नाही. त्याचा परत येतानाचा चेहरा मात्र रोज आठवतो. मी आयुष्यात चारशे बारा सामने जिंकलो. त्यातला हा एक मला परत द्यायचा आहे आणि घ्यायला कोणी नाही.

लेलंड गावातच आहे, धान्याची कोठारे सांभाळतो. चाळीस वर्षांत आम्ही शेकडो वेळा भेटलो. "पाऊस येईलसा वाटतो, कोच." "मक्याला हवाच आहे, लेलंड." झाले. डोरीन म्हणते, "दोघं हवामान खात्यात तरी लागा!" मी माफी मागितली नाही, कारण कोचने माफी मागितली की संघ ढिला पडतो, असे मला शिकवले होते. संघ केव्हाच घरी गेला, मी तसाच राहिलो. झोपडीने भरपाई होत नाही. पण माझ्याजवळ मला सर्वांत आवडणारी वस्तू तीच आहे.

कलम पाच. अंत्यविधीला भाषणे नकोत. डोरीनने पर्सिमन फळाचे पुडिंग करावे आणि ब्रूस्टरवाल्यांना लहान तुकडा द्यावा.

पुरवणी. हा मजकूर आज, सह्यांच्या वेळी, वकीलबाई श्रीमती ओपल डेंक यांच्या टेबलाशी बसून सांगितला आहे.

बाईंच्या सांगण्यावरून मी तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्यामार्फत लेलंडला पत्र, सह्यांची तारीख आणि कलम चारची नक्कल पाठवली होती. उत्तर आले नाही. माझी भूक गेली; डोरीनने पुडिंगसुद्धा झाकून ठेवले. आज साक्षीला मायलो टाय बांधून आला होता. बाई म्हणाल्या, "तुम्हाला वह्या मिळताहेत ना? मग तुमची साक्ष चालायची नाही. ज्याला या कागदातून काही मिळत नाही असाच माणूस हवा." एक साक्षीदार त्यांची टंकलेखिका, दुसरा कोठून आणायचा, असा घोळ चालू असतानाच लेलंड आला. अंगावर धान्याचा भुसा, हातात माझे पत्र.

"कोच, झोपडी नको मला."

"होडी चांगली आहे रे. गेल्या वर्षीच रंगवलीय."

"मला पोहता येत नाही." मग तो खुर्ची ओढून बसला. "माझी आई गेली तेव्हा तुम्ही चर्चमध्ये आलात, मागच्या बाकावर बसलात आणि निघून गेलात. मला वाटलं, आज बोलतील. मी चार मैलांवर राहतो, कोच. वकिलाकडून कशाला कळवायचं?"

मी म्हणालो, "मी चुकलो, लेलंड. तेव्हाच कळलं होतं मला. मी घाबरलो होतो." मायलो खिडकीबाहेर बघू लागला.

लेलंडने हातातल्या पत्राची घडी घातली. मग म्हणाला, "आजीला मी सांगितलं होतं, माझा पाय दुखावला म्हणून परत बोलावलं. तिने तुमच्यासाठी प्रार्थना केली, चांगला कोच आहे म्हणून." आणि तो हसला. मला हसता आले नाही.

मग त्याने वकीलबाईंना विचारले, "यातून मला काही मिळालं नाही, तर मी साक्षीदार चालेन?"

"चालाल."

"मग चार नंबर खोडा."

म्हणून कलम चार माझ्या समोर, माझ्या संमतीने खोडले आहे. पान मात्र फाडू नये, अशी माझी इच्छा आहे. झोपडी कार्लाच्या मुलांना. लेखणी मी माझ्या हाताने लेलंडला दिली.

वरील सर्व मी वाचले, ते माझेच आहे.

(सही) एव्हरेट जॉन लस्क

आम्हा दोघांच्या देखत, शुद्धीवर असताना आणि डोळे पुसत, मृत्युपत्र करणाऱ्याने सही केली:

साक्षीदार १: (सही) लेलंड प्रुइट. सहीखाली स्वहस्ते: "या वेळी परत बोलावू नये."

साक्षीदार २: (सही) रूथॅन बील, टंकलेखिका

स्थळ: मिलर्स फोर्ड, इंडियाना
दिनांक: १५ ऑक्टोबर २०२४