रेघ पेन्सिलीनंच मारावी

इंद्रपुरी, भोपाळ
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय मृणाल,

पत्र पेन्सिलीनं लिहिलेलं पाहून बापाचं पेन हरवलं असं समजू नकोस. पेन खिशात आहे. पेन्सिल मुद्दाम जवाहर चौकातून आणली; दुकानदारानं विचारलं, नातवासाठी का? हो म्हटलं. संस्कृतवाल्यांना ग्रंथाचं प्रयोजन आधी सांगायची खोड असते. या खेपेला ते शेवटी सांगणार आहे.

गेल्या सोमवारी फोनवर तू म्हणालीस, ‘आईला शेवटी मी नको होते, आता वर्षश्राद्धाला कशाला येऊ?’ आणि फोन ठेवलास. दुसऱ्या दिवशी तुझा मेसेज: प्रोजेक्टच्या टीएलसी प्लेटा बिघडताहेत, ठिपक्यांना शेपट्या फुटताहेत, गाइड बोलतात, बाबा काही टिप्स असतील तर पाठवा. अकरा महिन्यांत तू माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. तेव्हा आधी ती देतो. अथ टीएलसी-प्रकरणम्, म्हणजे प्लेटवरच्या पातळ थरातून द्रावक चढवून मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची विद्या.

तुला ठाऊक आहेच, तुझे आजोबा सरकारी नोकरीत असतानाच गेले आणि अनुकंपा नियुक्तीत माझ्यासारख्या संस्कृत एम.ए.ला सरकारनं कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये अटेंडंट केलं. त्यात अनुकंपा नेमकी कुणावर झाली हे सत्तावीस वर्षांनंतरही मला कळलेलं नाही. पहिल्याच वर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्मा सरांनी तीस प्लेटांवर ठिपके लावायच्या रेघा मारून ठेवायला सांगितल्या. मी त्या शाईच्या पेनानं, सुवाच्य अक्षरात, खाली आकड्यांसकट मारल्या. दुसऱ्या दिवशी द्रावक चढू लागला तसं माझं हस्ताक्षरही चढू लागलं. काळ्या शाईतून निळा, जांभळा, पिवळा असे ओघळ निघाले आणि पोरांची अमिनो आम्लं त्यात बुडाली. वर्मा सर एवढंच म्हणाले, ‘पंडितजी, परीक्षा थी, होली नहीं.’ पुढं निवृत्त होईपर्यंत त्यांनी मला पंडितजीच म्हटलं. म्हणून पहिला नियम: रेघ पेन्सिलीनंच, हलक्या हातानं, सिलिकाचा थर न खरवडता. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट कुठल्याच द्रावकाला भीक घालत नाही. जिथं लिहिलं तिथंच राहतं.

शेपट्यांचं म्हणशील, तर तुझा हात सढळ आहे. न्यायशास्त्रात याला अतिव्याप्ती म्हणतात, लॅबमध्ये ओव्हरलोडिंग. द्रावण आणखी पातळ कर. केशनळी आचेवर तापवून, ओढून बारीक कर. प्लेटला नुसती टेकवायची आणि उचलायची. ठिपका मोहरीएवढा हवा, तू लावतेस तो कुंकवाएवढा असणार. कमी वाटला तर आधी वाळू दे, मग त्याच जागी पुन्हा टेकव. रेघ खालच्या कडेपासून सेंटिमीटरभर वर, आणि बरणीतला द्रावक रेघेच्या खाली. तो वर गेला की ठिपका चढत नाही, तळातच विरघळून जातो. प्लेट कडेनं धर, थरावर बोटं लावू नकोस. आणि एकदा आत ठेवलीस की झाकण उघडून पाहायचं नाही.

हे शेवटचं तुला कधी जमलं नाही, मलाही नाही. तू आठवीत असताना आपण स्वयंपाकघरात पालकाचा रस खडूवर लावला होता, आठवतं? तुझ्या आईचा स्टीलचा पेला, त्यात तिचंच नेलपॉलिश काढायचं पाणी, आणि वर आमटीची वाटी पालथी. आपण दोघं दर मिनिटाला वाटी उचलत होतो. शेवटी तिनं पोळ्या थांबवल्या, लाटणं हातात घेऊन पेल्याशेजारी बसली आणि म्हणाली, ‘जो हात लावेल त्याला आज पोळी नाही.’ तिला यातलं काही येत नव्हतं, पण वाट बघणं येत होतं. खडूवर हिरवा, पिवळा पट्टा दिसल्यावर आपण नाचलो. तिनं तुझ्या कंपासमधली पेन्सिल घेतली आणि पाणी जिथवर चढलं होतं तिथं रेघ मारून ठेवली. मीच आधी बजावलं होतं आणि मीच विसरलो होतो.

तर तोही नियम लिहून घे. प्लेट बाहेर काढल्याबरोबर, दुसरं काहीही करण्याआधी, द्रावक कुठवर आला त्याची खूण कर. तो उडून जातो. मिनिटभरानं प्लेट कोरी दिसते, आणि मग कुणाच्या बापाला सांगता येत नाही तो कुठवर आला होता. आयोडीनच्या वाफेनं उमटलेले ठिपकेही तसेच विरतात, दिसताहेत तोवर भोवती गोल काढून ठेव. आणि पदार्थ तोच आहे का अशी शंका आली, तर एका बाजूला खात्रीचा, दुसऱ्या बाजूला शंकेचा आणि मधे दोन्ही एकावर एक लाव. मधला फुटला नाही, दोन्ही बाजूंचे त्याच्याच उंचीला आले, तर बहुधा तोच. तुझा आणि तुझ्या आईचा हट्ट असा एकावर एक लावला, तर मला वाटतं एकच ठिपका येईल.

बाकी इकडचं ठीक. खिचडी आता लागत नाही, करपते ती फक्त रविवारी. तो खडू परवा तिच्या हळदीकुंकवाच्या डब्यात सापडला. रंग केव्हाच उडालेत. पेन्सिलीची रेघ तेवढी आहे.

आता प्रयोजन. त्या आठवड्यात सोमवारी संध्याकाळी दवाखान्यात तुझी आई मला म्हणाली, ‘अहो, मृणालला बोलावून घ्या.’ मी म्हटलं, शुक्रवारी तिचं प्रॅक्टिकल संपतंय, टायफॉइडनं पोरीचं एक वर्ष आधीच गेलंय, शनिवारी सकाळी ती इथं असेल. डॉक्टरांनी दिवस सांगितले नव्हते, आणि मी विचारले नाहीत. ती ‘बरं’ म्हणाली. मंगळवारी उठल्यावर तिनं विचारलं, आज वार कोणता? बुधवारी विचारलं. गुरुवारीही विचारलं, आणि दुपारी ती गेली. तू दारात उभी राहून विचारलंस, मला आधी का नाही बोलावलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की तिनंच नको म्हटलं होतं, परीक्षा होऊ दे म्हणाली. खरं सांगायची वेळ तीच होती. मी ती जाऊ दिली, आणि नंतर रोज ते अवघड होत गेलं. तू तिच्यावर रुसलीस, आणि मी गेले अकरा महिने तो रुसवा तिच्या फोटोपुढं ठेवून जेवत आलो. तो माझा आहे, मृणाल. मला दे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण तिच्या वर्षश्राद्धाला ये; ती चार दिवस तुझीच वाट बघत होती. हे सगळं मी आधी पेनानं लिहिलं होतं. दोनदा लिहिलं, दोन्ही कागद ओले झाले आणि नेमकी हीच वाक्यं पसरली. म्हणून पेन्सिल आणली. आता यातला एकही शब्द जागचा हलणार नाही.

तुझाच,
बाबा